स्लोचा स्क्रू

सकाळी आबा अंगणात गाडी चालू करून ठेवत आणि चहा प्यायला आत येत. इंजिन गार असेतोवर ती गुमान चाले. मग गरम झालं, आबांनी जाऊन चोक आत ढकलला, की तिला हुडहुडी भरल्यासारखी व्हायची. बोनेट थरथरायचं, मागची नंबरप्लेट वाजायला लागायची आणि ते थरथरणं अंगणाच्या फरशीतून भिंतीत, भिंतीतून मांडणीवर चढायचं. स्टीलचे पेले एकमेकांना लागून किणकिणत राहायचे. मायच्या शिलाई मशीनवरची रिळं जागच्या जागी नाचायची, तेव्हा ती ब्लाउजचं कापड दाताखाली धरून हात आवरायची आणि गाडीकडं असं बघायची की जणू दारात कुणी नकोसा पाहुणा उभा आहे. मधेच इंजिन एक ठोका गाळायचं. आता बंद पडणार असं वाटायचं, आणि ते कसंबसं पुन्हा सावरायचं. त्या दिवसांत आमच्या घरात कुणी सलग एक घोट चहा प्यायलं असेल असं मला आठवत नाही. आबा तेवढे शांत बसून बशीतून चहा ओढायचे.

गाडी उभी असताना, पाय अॅक्सिलेटरवर नसताना, इंजिन ज्या धिम्या गतीनं चालत राहतं तिला गॅरेजवाले ‘स्लो’ म्हणतात. आमच्या गाडीचा स्लो बिघडला होता. रस्त्यावर पळताना ती बरी असायची. थांबली की मात्र तिचा जीव जायला बघायचा.

ही गाडी आबांनी सरकारी ड्रायव्हर म्हणून उभी नोकरी चालवली होती. साहेब बदलत गेले, गाडी तीच राहिली. आबा निवृत्त झाले त्याच वर्षी कचेरीनं तिलाही मोडीत काढलं आणि आबांनी तिला घरी आणलं. नांदेडच्या आमच्या वस्तीत ती पहिली चारचाकी. कुणाला दवाखान्यात न्यायचं, कुणाच्या लेकीला सासरी पोचवायचं असलं, की माणूस सकाळीच दारात येऊन ‘जयभीम आबा’ म्हणायचा, आणि आबा शर्टाची वरची गुंडी लावत उठायचे. त्यांच्या ड्रायव्हिंगपेक्षा त्यांच्या कानाची कीर्ती मोठी होती. कचेरीतले बाकीचे ड्रायव्हर आपापल्या जिपा त्यांच्यापुढं आणून उभ्या करत. आबा डोळे मिटत, मान थोडी तिरपी करत, आणि सांगत, “तिसरा टॅपेट ढिला हाय,” नाहीतर “पंख्याचा पट्टा सुकलाय, दोन दिवसांत तुटंल.” ते खरं निघायचं. मी दुसरीत-तिसरीत असल्यापासून ते मला बोनेटशेजारी उभं करायचे आणि विचारायचे, “काय म्हणून राहिलीय सांग.” इतर पोरींना बापानं पाढे शिकवले, मला इंजिनाचा आवाज शिकवला. अठरा पुरी होताच त्यांनीच मला लायसन काढून आणून दिलं. तरी मैदानात आणि वस्तीच्या रस्त्यावर सोडून मी गाडी कधी चालवली नव्हती.

म्हणूनच मला कळत नव्हतं. ज्या माणसाला टॅपेटचा आवाज रस्त्यापलीकडून ओळखू यायचा, त्याला आपल्याच अंगणातली ही कण्हणारी गाडी कशी ऐकू येत नाही? मी म्हणायची, “आबा, मिसिंग मारतीय.” ते म्हणायचे, “जुनी झाली गं. आपण न्हाई का म्हातारे झालो?” आणि विषय संपायचा.

मी तेव्हा एकोणीसची होते. बारावी झालेली, पुढं काय ते ठरलेलं नाही. आयटीआयच्या मोटार मेकॅनिकचा फॉर्म आणून पेटीत ठेवला होता, भरायचं धाडस नव्हतं. माय पाहुण्यांनी आणलेली स्थळं ऐकायची आणि माझ्याकडं बघायची. दिवसभर मी या खोलीतून त्या खोलीत करायची. भाकरी थापता थापता तवा तसाच ठेवून दारात यायची, गाडीचा आवाज आज कालपेक्षा वाईट आहे का ते ऐकायला. माय म्हणायची, “पायाला चाकं लागलीत का तुझ्या? बस की जरा.” बसवत नव्हतं. खरं सांगायचं तर त्या गाडीच्या आणि माझ्या अवस्थेत फार अंतर नव्हतं. हे मला आता सुचतंय, तेव्हा नुसता जीव घाबरा व्हायचा.

एके दिवशी शेजारच्या काशीबाई मावशी आणि त्यांच्या जावेला नायगावला कार्यक्रमाला सोडून, परत घेऊन आम्ही येत होतो. मी पुढं आबांच्या शेजारी. गावात शिरताना रेल्वेचं फाटक लागलं. समोरून मालगाडी चालली होती, लांबच लांब, कोळशाची. जमीन हादरत होती, आमच्या सीटखाली सगळं थडथडत होतं. त्या गोंगाटात आमचं इंजिन दोनदा अडखळलं आणि बंद पडलं. मला कळलं. मी आबांकडं पाहिलं. ते समोर बघत स्टीअरिंगवर बोटं ठेवून बसलेले. मला वाटलं, फाटक उघडलं की चालू करतील. फाटक उघडलं. पुढच्या गाड्या निघाल्या. आबांनी गिअर टाकला, क्लच सोडला, अॅक्सिलेटर दाबला. गाडी जागची हलली नाही. त्यांनी पुन्हा तेच केलं. मागून ट्रकवाला जो हॉर्न दाबून सुटला तो थांबेना. त्या ट्रकला बाजूनं टाकून निघालेला एक टेम्पो, पुढची गाडी हलणार असं धरून, वेगात आला आणि डिकीपासून हातभर अंतरावर करकचून थांबला. काशीबाई किंचाळल्या. मी ओरडले, “आबा, बंद पडलीय! चावी फिरवा!” दुसऱ्यांदा ओरडल्यावर त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांचा चेहरा मी विसरू शकत नाही. झोपेतून गदागदा हलवून उठवल्यासारखा.

“मालगाडीच्या आवाजात कळलंच न्हाई,” ते म्हणाले आणि चावी फिरवली.

कारण पटण्यासारखं होतं. मी पटवून घेतलं. पण घरी आल्यावर काशीबाईंनी मायला सगळं सांगितलं, आणि मायनं मशीनवरचा हात काढला. माझी थोरली बहीण, अक्का, शिरूर अनंतपाळला दिलेली. तिला आठवा लागला होता आणि पहिल्या बाळंतपणाला तिला पुढच्या आठवड्यात माहेरी आणायचं होतं. माय म्हणाली, “ह्या गाडीतून मी पोटुशी पोरगी आणू देणार न्हाई. यष्टीनं आणू.” आबा एवढंच म्हणाले, “माझी लेक माझ्या गाडीत येईल.” माय आबांच्या डाव्या बाजूला जाऊन बसली आणि आपलं वाक्य पुन्हा, सावकाश म्हणाली. आबांनी मान हलवली. ती नेहमी त्यांच्या डावीकडंच बसते हे मी रोज बघत होते, आणि त्याचा अर्थ लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी एकटी युसूफभाईंच्या गॅरेजवर गेले. युसूफभाई आबांचे नोकरीपासूनचे दोस्त. लिंबाखाली पत्र्याचं शेड, डिझेलनं काळी झालेली माती, आणि ते स्वतः कायम कुठल्यातरी गाडीखाली. त्यांनी आमची गाडी तीनदा बघितली होती. प्लग साफ केले, पॉइंट घासले, कार्बोरेटर उघडून धुतला, स्लो वाढवून दिला. चार दिवस बरं, पाचव्या दिवशी पुन्हा तेच.

“चाचा, दोष सापडत कसा नाही?” मी विचारलं.

ते गाडीखालून सरकत बाहेर आले, उठून बसले. “बेटी, मेरेकू गाडी दोन घंटे मिळती. तुझ्या अंगणात चोवीस घंटे हाय. तूच धुंड.” मला वाटलं चेष्टा करताहेत. पण त्यांनी फडक्याला हात पुसले आणि मला बोटांवर सांगितलं. आधी चारी सिलिंडर काम करतात का बघ. चालू इंजिनावर एकेका प्लगची वायर काढ. काढल्यावर आवाज पडला तर तो सिलिंडर चांगला, फरक नाही पडला तर चोर तिथंच. मग बघ, गार असताना कशी, गरम झाल्यावर कशी. मग गरम गाडीवर चोक जरासा ओढ, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी होते. “चोक ओढल्यावर सुधरली, तर समझ, कहीं से हवा खा रही है.”

आबा वस्तीतल्या विहाराच्या कामाला गेले की मी बोनेट उघडायची. पहिल्याच वायरीला असा झटका बसला की कोपरापर्यंत मुंग्या आल्या. माय दारातून ओरडली, “मरशील गं!” मग मी पायातली रबरी चप्पल काढून तिनं वायर धरली. एक काढली, आवाज पडला. दुसरी, तिसरी, चौथी, प्रत्येक वेळी इंजिन तेवढंच खचलं. म्हणजे चारी चांगले. तो दिवस तिथंच गेला. दुसऱ्या दिवशी गार असताना ऐकलं. चोक ओढलेला असताना एकसारखी चालत होती. गरम झाली, चोक ढकलला, की हुडहुडी सुरू. मग मी गरम इंजिनावर चोक बोटभर ओढला. इंजिन शांत झालं. ढकलला, थरथर. ओढला, शांत. मी ते आठ-दहा वेळा केलं असेल. मांडणीवरचे पेले वाजायचे आणि थांबायचे, वाजायचे आणि थांबायचे. मायलाही कळलं की काहीतरी हाती लागलंय. ती माझ्यासाठी सुशीला करायला आत गेली. मुरमुऱ्याला फोडणी पडल्याचा वास आला तरी मी बोनेटपासून हलले नाही.

हवा कुठून जात होती ते शोधायला आणखी एक दिवस लागला. पुढं मी लातूरला आयटीआयमध्ये शिकवायला लागले आणि निवृत्त होईपर्यंत शिकवत राहिले. शेवटच्या काही वर्षांत पोरं गाडीला स्कॅनर लावायची आणि आकडा वाचून सांगायची, दोष अमुक. मी त्यांना म्हणायची, आकडा खरा, पण आधी दहा मिनिटं नुसतं ऐका. ती हसायची. त्यांचं चुकत नव्हतं. पण मला तेव्हा आकडा सांगणारं कुणी नव्हतं. मी वाटीत साबणाचं पाणी केलं, रंगाचा जुना ब्रश घेतला, आणि चालू इंजिनावर एकेका जोडाला फेस लावत गेले. नळीला लावला, काही नाही. दुसऱ्या नळीला, काही नाही. कार्बोरेटरच्या खाली, तो आणि इंजिन यांच्यामध्ये, एक काळा जाड ठोकळा बसवलेला असतो, उष्णता वर चढू नये म्हणून. त्याच्या मागच्या कडेला, जिथं डोळा पोचत नाही, तिथं ब्रश नेला. फेस चुर्रर करून आत ओढला गेला, आणि त्या क्षणी इंजिनाचा आवाज बदलला. थरथर थांबली. फेस सुकला, पुन्हा सुरू झाली. मी पुन्हा ब्रश लावला, पुन्हा थांबली. ठोकळ्याला तडा होता. गार असताना तो मिटलेला असायचा, गरम झाला की उघडायचा आणि तिथून इंजिन हवा चोरायचं.

“माय! सापडलं!” मी ओरडले. मागं बघितलं तर आबा उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. मला वाटलं रागावतील. ते पुढं आले, मी दाखवलं तिथं ठोकळ्याखाली बोट फिरवलं. “फट हाय खरी,” म्हणाले. पुन्हा एकदा बोट फिरवलं. “शाबास.” पण तो शब्द त्यांनी जड पाटी उतरवून ठेवावी तसा ठेवला. मला हवा होता तो आनंद त्यांच्या तोंडावर नव्हता, आणि मी त्यावर संध्याकाळपर्यंत रुसून बसले.

युसूफभाईंनी एका मोडलेल्या गाडीतून तसाच ठोकळा काढून दिला. काचेवर पॉलिश पेपर ठेवून मी तो दोन्ही बाजूंनी घासून सपाट केला, नवीन पॅकिंग घालून बसवला, आणि स्लोचा स्क्रू कानानं लावला. स्क्रू आत घेतला की गती वाढते, बाहेर काढला की कमी होते. एक जागा अशी येते की इंजिन स्वतःच्या भारानं निवांत चालतं. ती जागा सापडली आणि मी हात काढला. घर इतकं शांत झालं की शेजारच्या रेडिओवरची बातमी ऐकू आली. माय दारात आली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, “बंद केलीस का?”

“चालू आहे,” मी म्हणाले. अंगावर मूठभर मांस चढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेले पुन्हा वाजले.

मी तशीच उठून बाहेर गेले. आवाज वेगळा होता. हवा चोरल्याची फडफड नव्हती. इंजिन नुसतं खाली दाबल्यासारखं, कसंबसं चालत होतं. स्क्रू बघितला तर बाहेर आलेला. मी पुन्हा लावला. त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा तेच. स्क्रू ढिला पडतोय असं धरून मी तो काढून स्प्रिंग ताणली, परत बसवला आणि मायच्या कापडावर खुणा करायच्या खडूनं स्क्रूवर आणि शेजारी एक सरळ रेघ ओढली. सकाळी रेघ तुटली होती. स्क्रू पूर्ण दीड आटा फिरला होता. थरथरीनं स्क्रू दीड आटा फिरत नाही. कुणीतरी फिरवत होतं.

मी तडक गॅरेजवर गेले आणि युसूफभाईंवर बरसले. “चाचा, तुम्ही येऊन छेडता का गाडीला?”

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. “मैं कायको छेडूं?” “बेटी, मी हर टाईम स्लो बराबर लावून देत होतो. तेरे आबाच मला म्हणायचे, युसूफ, स्लो कम रख. मी म्हणायचो, बंद पडंल. ते म्हणायचे, पडू दे, कम रख.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “क्यूं, ते त्यांनाच पूछ. मेरेकू नक्को पूछ.”

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात नाना गोष्टी आल्या. पेट्रोल वाचवायचं असेल. अक्काला आणायला जायचंच नसेल. मी केलेलं काम त्यांना सोसत नसेल, हेसुद्धा आलं. पोरीनं शोधलं याचा त्यांना कमीपणा वाटला असेल, या विचारानं मी पेटले. जेवताना त्यांच्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमारास विहाराच्या भोंग्यावर वंदना सुरू झाली तेव्हा मी आधीच उठून खिडकीशी बसले होते. आबा बाहेर आले. गाडी चालू केली, बोनेट उघडलं, खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला. डाव्या हाताचा तळवा त्यांनी मडगार्डवर पसरून ठेवला, आजाऱ्याच्या छातीवर ठेवावा तसा, आणि उजव्या हातानं स्क्रू फिरवत राहिले. गाडी थरथरायला लागली. त्यांनी तळवा दाबून बघितलं. मग खांदे सैल सोडले.

मी बाहेर गेले, त्यांच्या पाठीशी उभी राहिले. “आबा.” ते वळले नाहीत. “आबा!” वंदनेच्या वर माझा आवाज गेला. ते वळले नाहीत. मी पाच पावलांवर होते.

तेव्हा मला सगळं एकदम कळलं. फाटक, मालगाडी, मायची डावी बाजू, ‘जुनी झाली गं’. राग जिथल्या तिथं विरला आणि त्या जागी काय आलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. मी पुढं होऊन मडगार्डवर त्यांच्या हाताशेजारी हात ठेवला. ते दचकले. स्क्रू-ड्रायव्हर लपवायला त्यांचा हात खिशाकडं गेला आणि मधेच थांबला.

“कधीपासून?” मी त्यांच्या तोंडासमोर जाऊन विचारलं.

“दोन वर्षं झाली असतील,” ते म्हणाले. “उजवा गेलाच हाय. डाव्यानं थोडं येतं.” मग गाडीकडं बघून म्हणाले, “आधी मला कळायचंच न्हाई की चालू हाय का बंद. मग तिला ती फट पडली आन् ही थरथरायला लागली. सीटमधून, स्टीअरिंगमधून कळायचं. म्हटलं, बरं झालं. फट कशाला बुजवायची? तू बुजवलीस, सुमे. लई चांगलं काम केलंस. पण आता ही माझ्यासाठी मेल्यागत झाली. हात लावला तरी बोलत न्हाई.”

दोन वर्षं ते वस्तीतली माणसं घेऊन फिरत होते. दवाखान्यात, लग्नाला, नायगावला, भोकरला. फाटकावर मालगाडीनं सगळंच थरथरवलं म्हणून त्यांचा हिशेब चुकला, एवढंच. मला त्यांची दयाही येत होती आणि त्या टेम्पोचं थोबाडही डोळ्यांपुढून हलत नव्हतं. मी म्हणाले, “मायला माहीत होतं?”

“मायला काय माहीत नसतं?” माय दारातून म्हणाली. ती कधीची तिथं उभी होती. “मी रोज म्हणून राहिले, डॉक्टरला दाखवा. म्हणतात, ड्रायव्हरचा कान गेला म्हटल्यावर ड्रायव्हर काय उरला?”

गाडी थरथरतच होती. मी आबांच्या हातातून स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि स्क्रू पुन्हा जागेवर आणला. पेल्यांचा आवाज थांबला. आबांनी मला अडवलं नाही, पण मडगार्डवरचा हात काढून घेतला आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. दिवसभर जेवले नाहीत. मी बरोबर केलं होतं आणि मला घरात तोंड दाखवावंसं वाटत नव्हतं.

अक्काला आणायचा दिवस उजाडला. मायनं धपाटे बांधून दिले, शेंगदाण्याची चटणी दिली, अक्काच्या पाठीला ठेवायला दोन उशा दिल्या, आणि ती अंगणात येऊन उभी राहिली. गाडी कोण चालवणार हा विषय तोवर कुणी काढला नव्हता. आबा कपडे करून बाहेर आले, नेहमीसारखे उजवीकडच्या दारापाशी गेले, दार उघडलं आणि तसेच उभे राहिले. मग म्हणाले, “जाताना मी चालवतो. गाडी रिकामी हाय. तू माझे कान हो.” मी मायकडं पाहिलं. तिनं मान हलवली, हो म्हणून की देव जाणे काय म्हणून. लोहा, अहमदपूर, चाकूर, मी सगळा रस्ता त्यांच्या डाव्या कानाशी बोलत होते. मागून ट्रक येतोय. एस.टी. हॉर्न देतीय, डावीकडं घ्या. घसा कोरडा पडला. ते सुंदर चालवत होते, खड्डा तर कळूच देत नव्हते, आणि तरी शिरूर येईपर्यंत माझी बोटं सीटच्या कडेत रुतलेली होती. ती त्यांनी पाहिली असणार.

अक्काच्या सासरी चहा-पोहे झाले. अक्का जड झाली होती, पाय सुजलेले, पण आम्हाला बघून तिचं तोंड उजळलं. तिला धरून गाडीपर्यंत आणलं, उशा लावून मागं बसवलं. सासूबाई, जावई, शेजारच्या चार बायका, सगळे रस्त्यावर पोचवायला आलेले. आबांनी चावी खिशातून काढली आणि माझ्या हातात दिली.

विहीणबाईंनी ते पाहिलं. “हे काय आबा? पोरगी चालवणार? आमची सून दोन जिवांची हाय. तुम्ही असताना पोरीच्या हातात कशाला?” जावईही पुढं आले. बायका कुजबुजल्या. मी चावी परत द्यायला हात पुढं केला, कारण आबांसाठी एक सोपं कारण मला सुचलं होतं. पाठ धरलीय म्हणावं, डोळा आलाय म्हणावं, काहीही.

“विहीणबाई,” आबा म्हणाले. ऐकू कमी येणाऱ्या माणसाचा आवाज आपोआप मोठा होतो. तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल. “मला ऐकू येत न्हाई. दोन वर्षं झाली. येताना ही रस्ताभर मला सांगत आली म्हणून पोचलो. तुमची सून माझी लेक हाय, तिला मी ठार बहिऱ्याच्या हातात देणार न्हाई. ह्या पोरीचा कान माझ्यापेक्षा तयार हाय. मीच केलाय तो.”

जावयांनी मान खाली घातली. विहीणबाई पुढं आल्या, अक्काच्या मांडीवरची शाल नीट केली, आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, “हळू ने बाई.” बस्स, एवढंच. आबा गाडीला वळसा घालून डावीकडं गेले आणि बसले. त्या दिवसानंतर त्यांनी दुसऱ्या कुणाला घेऊन गाडी चालवली नाही. कानाचं यंत्रही पुढं आलं, ते त्यांना कधी आवडलं नाही, तो वेगळा विषय.

मी चावी फिरवली. गाडी इतकी मऊ चालत होती की खात्रीसाठी मलाही मान तिरपी करावी लागली. गावाबाहेर पडेपर्यंत मी दुसऱ्या गिअरच्या वर गेले नाही. मागून अक्का म्हणाली, “सुमे, खड्ड्यात पडशील बिडशील मला घेऊन,” आणि हसली, आणि मग आम्ही दोघी हसलो. चाकूरपर्यंत आबा ताठ बसून होते, माझ्या प्रत्येक ब्रेकला त्यांचाही पाय रिकाम्या जागी दाबला जात होता. एकदा म्हणाले, “उतारावर गिअर काढू नको.” एकदा म्हणाले, “बरं घेतलंस वळण.” मग बोलणं बंद झालं. अहमदपूर मागं पडलं. बालाघाटाच्या उतारावर मी एका उसाच्या ट्रॅक्टरमागं बराच वेळ अडकले, आणि आता काय करू म्हणून विचारायला डावीकडं वळून पाहिलं.

आबा झोपले होते. मान काचेला टेकलेली, तोंड किंचित उघडं, दोन्ही हात मांडीवर उताणे. आयुष्यभर गाडीत बसलेला माणूस, पण गाडीत झोपलेले आबा मी कधी पाहिले नव्हते. मी अक्काला खुणेनं दाखवलं. ती मागून वाकली, आणि तिनं शाल काढून हळूच त्यांच्या अंगावर टाकली. ट्रॅक्टरच्या मागं मी तशीच सावकाश चालवत राहिले. ओव्हरटेक करायची मला काही घाई नव्हती.